भेगा बुजविणारे जीवाणू आणि कोकणातील काँक्रीट

रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याच्या भिंती व कौलारू छपरांच्या जोडीला आता काँक्रीटच्या शाळा, पूल, धक्के आणि पाण्याच्या टाक्या सर्वत्र दिसतात. वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बारमाही खारे वारे अशा हवेत काँक्रीटमधील केसाएवढ्या भेगेकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. भेगेतून खारे पाणी लोखंडी सळ्यांपर्यंत पोचते. सळई गंजून फुगते आणि तिच्यावरील काँक्रीटचा थर सुटून खाली पडतो. शाळेच्या स्लॅबच्या बाबतीत हा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

भेग आपोआप बुजणे ही गोष्ट तशी नवी नाही. जुन्या बांधकामांतील चुना पाण्यात अल्प प्रमाणात विरघळतो आणि बारीक भेगांत पुन्हा साचून घट्ट होतो. काँक्रीटमध्ये हेच काम जीवाणूंकडून करून घेण्याचे संशोधन नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविज्ञान विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हेंक योंकर्स यांनी २००६ मध्ये हाती घेतले.

काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असल्याने सामान्य जीवाणू त्यात तग धरीत नाहीत. म्हणून अल्कधर्मी सरोवरांच्या परिसरात आढळणारे ‘बॅसिलस’ जातीचे जीवाणू निवडले जातात. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरातही असे अल्कप्रिय जीवाणू आढळले आहेत. प्रतिकूल परिस्थितीत हे जीवाणू बीजाणूंच्या रूपाने वर्षानुवर्षे सुप्त राहतात. हे बीजाणू आणि त्यांचे खाद्य असलेले कॅल्शियम लॅक्टेट भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र कणांत भरून काँक्रीटमध्ये मिसळतात. भेग पडून पाणी व प्राणवायू आत शिरला की बीजाणू जागृत होतात, खाद्य पचवितात आणि त्यातून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुनखडी, तयार होऊन भेग भरून निघते. या क्रियेत प्राणवायू खर्ची पडत असल्याने सळई गंजण्यासही आळा बसू शकतो.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, नमुने १०० दिवस पाण्यात ठेवले असता जीवाणूयुक्त काँक्रीटमधील ०.४६ मिलिमीटर रुंदीपर्यंतच्या भेगा बुजल्या. साध्या काँक्रीटमध्ये ही मर्यादा ०.१८ मिलिमीटर होती. भारतीय मानक ४५६ (२०००) प्रमाणे भेगेची रुंदी सर्वसाधारणपणे ०.३, तर सतत ओलाव्यात असलेल्या भागांत ०.२ मिलिमीटरहून अधिक नसावी. याचा अर्थ, नीट केलेल्या बांधकामातही ज्या बारीक भेगा पडतात, त्या बुजविण्याचे सामर्थ्य या जीवाणूंत आहे. पाया खचल्याने पडलेला रुंद तडा त्यांना सांधता येत नाही. त्यासाठी अभियंत्याकडून तपासणी करून घेणेच इष्ट होय.

शिवाय हे काँक्रीट साध्या काँक्रीटपेक्षा महाग पडते. तेव्हा जीवाणूंची जोड मिळो वा न मिळो, मूळ नियम पाळणे अगत्याचे आहे. याच मानकानुसार समुद्रकाठच्या उघड्या हवेतील सळईयुक्त बांधकामासाठी काँक्रीट किमान एम ३० प्रतीचे असावे, पाण्याचे वजन सिमेंटच्या ०.४५ पटीहून अधिक नसावे आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण असावे. काँक्रीटवर किमान ७ दिवस, आणि कोरड्या उष्ण हवेत किमान १० दिवस, पाणी मारावे. खारे पाणी मात्र वापरू नये. ग्रामपंचायतीच्या कामावर देखरेख करणाऱ्या सदस्यांनी या बाबी जागेवर जाऊन पाहिल्या, तर पुष्कळशा भेगा पडण्यापूर्वीच टळतील.