आजचे चिंतन : एक दाणा आणि एक परात (गीता अध्याय ११, श्लोक १२)

आजच्या श्लोकात संजय विश्वरूपाचे तेज सांगतो. आकाशात हजार सूर्य एकदम उगवले, तर ते तेज कदाचित त्याच्या जवळपास जाईल. १२९० साली आपल्या नेवाशात, खांबाला टेकून याच श्लोकावर बोलताना ज्ञानेश्वर माउली आणखी पुढे जातात. हजार सूर्यांचीही उपमा पुरत नाही, असे त्या म्हणतात.

पण हजार सूर्य राहू द्या. एक सूर्य तरी आपल्याला कळलाय का?

गेल्या रविवारी गावी होतो. लेकीने विचारले, "बाबा, सूर्य किती मोठा?" मी इंजिनिअर माणूस, लगेच आकडा फेकला : व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर. तिचा चेहरा कोराच. मग कणगीतला ज्वारीचा एक दाणा घेतला. ही पृथ्वी, चार मिलिमीटरची. सूर्य तिच्या १०९ पट रुंद, म्हणजे आजीच्या दीड फुटी परातीएवढा गोळा! परात ओट्यावर ठेवली आणि दाणा घेऊन चालू लागलो. खरे अंतर १५ कोटी किलोमीटर, आमच्या मापाने ४७ मीटर. साठ-पासष्ट पावलांवर, गोठ्यापलीकडे थांबलो. तिथून परात केवढीशी दिसत होती!

सूर्याच्या आकारमानात अशा १३ लाख पृथ्व्या मावतील. आम्ही हजार दाणे मोजून काट्यावर ठेवले : ३१ ग्रॅम. म्हणजे १३ लाख दाण्यांची झाली चाळीस किलो ज्वारी. एसटी न थांबता ताशी ६० किलोमीटरने धावली, तर पृथ्वीची फेरी २८ दिवसांत होईल. सूर्याची करायला आठ वर्षांहून जास्त लागतील.

लेक दाण्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे आपण सगळे यावर? नेवासा पण?"

अण्णा बाजेवर बसून हे ऐकत होते. आयुष्यभर त्यांनी रोज सकाळी सूर्याला अर्घ्य दिले. कॉलेजात असताना मी त्यांना हसलो होतो, "अण्णा, तुमचं तांब्याभर पाणी तिथवर पोचतं का?" तेव्हा ते काहीच बोलले नव्हते. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात उचलत नाही, आणि अर्घ्य बंद पडले.

सोमवारी पहाटे मी तांब्या भरून त्यांच्या हाताखाली माझा हात धरला. पाणी सांडले, निम्मे माझ्या पायावर. त्यांच्या हातावर पडलेले ऊन आठ मिनिटे वीस सेकंदांपूर्वी सूर्यावरून निघाले होते. मी हळूच विचारले, "अण्णा, त्या वेळी उत्तर का दिलं नाही?"

म्हणाले, "आरं, त्याला पाण्याची काय कमी? आपली वाकायची सवय मोडू नये म्हणून द्यायचं. तुला तवा सांगितलं असतं तर पटलं असतं का?"

नसते पटले. मला सूर्याचा व्यास पाठ होता, माझे माप मात्र ठाऊक नव्हते. आकड्याने सूर्य मोठा कळतो. दाणा हातात घेतला की आपण केवढे तेही कळते, आणि एवढ्याशा दाण्यावरही ऊन रोज न चुकता पोचते, हेही.

आज एवढेच करू या : ज्वारीचा एक दाणा तळहातावर घ्या आणि उगवतीकडे तोंड करून दोन मिनिटे उभे राहा. सूर्याकडे थेट मात्र बघू नका. आणि घरात कुणाचा हात थरथरत असेल, तर त्याखाली आपला धरा.

राम कृष्ण हरी.