एका घरातील शिपाई भाऊ : युद्धसेवेची नोंद कशी वाचावी?

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर, गोंदियाकडे रस्ता फुटतो त्या ठिकाणी सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा हे गाव वसले आहे. दुसऱ्या महायुद्धाची रणांगणे येथून हजारो मैल दूर होती. तरीही युद्धाची चाहूल या परिसराला लागली होती. गोंदियाजवळील बिरसीची धावपट्टी १९४० मध्ये युद्धाच्या गरजेतूनच बांधली गेली. महार रेजिमेंटची दुसरी पलटण नागपूरजवळ कामठी येथे उभारली गेली व पुढे ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर गेली.

या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात दाखल झाले. ही भरती सक्तीची नव्हती. धाकट्याने थोरल्याच्या पावलावर पाऊल टाकून पलटणीची वाट धरावी आणि घरी आईने दोघांच्या मनिऑर्डरींची वाट पाहावी, असे अनेक घरांत घडले. सुमारे ८७ हजार जवान परतले नाहीत.

दोन समवयस्क वीर

मराठा लाइट इन्फंट्रीतील दोन तरुणांची उदाहरणे येथे बोधप्रद ठरतील. नाईक यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, तर शिपाई नामदेव जाधव यांचा १८ नोव्हेंबर १९२१ चा. रक्ताचे नाते नसले तरी रेजिमेंटने त्यांना भाऊ केले. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात घाडगे यांच्या तुकडीतील सर्व साथीदार मृत वा जखमी झाले. तेव्हा ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले, ठाणे जिंकले आणि तेथेच धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जाधव यांनी दोन जखमींना गोळीबारातून सुरक्षित स्थळी पोहोचविले व नंतर मशीनगनची तीन ठाणी निकामी केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव घरी परतले. घाडगे यांचे पदक त्यांच्या पत्नीच्या हाती आले.

नोंद कोठे शोधावी?

पदकामुळे ही नावे टिकली. ज्या भावांना शौर्यपदक मिळाले नाही, त्यांची सेवा मात्र ट्रंकेतील कागदांतच राहते. ती वाचण्यास पुढील खुणा उपयोगी पडतात.

पहिली खूण पदकाच्या फितीची. तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा असे पट्टे असतील तर तो ‘इटली स्टार’. गडद निळ्या फितीच्या मधोमध रुंद तांबडा पट्टा व दोन्ही बाजूंस नारिंगी रेघा असतील तर ‘बर्मा स्टार’. कोणता भाऊ कोणत्या आघाडीवर होता, हे फीतच सांगते.

दुसरी खूण सेवामुक्तीच्या कागदाची. त्यावरील शिपाई क्रमांक व पलटणीचे नाव आधी उतरवून घ्यावे; एकाच नावाचे अनेक शिपाई असतात, क्रमांकाने मात्र माणूस ओळखता येतो.

तिसरी बाब जिल्ह्याच्या नावाची. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. युद्धकाळात कोहमारा मध्य प्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्यात होते. म्हणून जुन्या कागदांत ‘भंडारा’ शोधावे. घाडगे यांचा कुलाबा जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला आणि जाधव यांचा अहमदनगर जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे. नवे नाव धरून शोध घेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

जे परतले नाहीत, त्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नामावलीत पाहावीत. रंगूनजवळील स्मारकावर सुमारे २७ हजार, समाधी न लाभलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. घाडगे यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर आहे.

ज्यांनी हे भाऊ पाहिले, अशी माणसे आता थोडीच उरली आहेत. शाळांनी व ग्रामपंचायतींनी अशा घरी जाऊन नाव, क्रमांक, पलटण व आघाडी एवढ्या चार गोष्टी जरी वहीत उतरविल्या, तरी ज्यांना ना पदक लाभले ना समाधी, त्यांची सेवा गावाच्या स्मरणात राहील.