शांतपणे येणारी आकडी



फेफरे म्हटले की खाली कोसळून हातपाय झटकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण मोठ्या वयात याचा एक शांत प्रकारही असतो. घरचे त्याला म्हातारपणाचा विसराळूपणा समजतात आणि उपचार राहून जातो.

कानशिलाच्या आत मेंदूचा जो भाग असतो, त्याचा आठवण, भीती आणि वास यांच्याशी संबंध आहे. तिथे विजेची गडबड झाली की पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, एकाएकी भीती वाटते, नसलेला वास येतो किंवा ‘हे पूर्वी घडले आहे’ असा भास होतो. मग माणूस टक लावून बघतो, ओठ चाटतो, उगाच चघळतो, कपडे चाचपतो. हाक मारली तर ओ देत नाही. बहुधा एक-दोन मिनिटांत हे थांबते. नंतर काही वेळ गोंधळ राहतो. झालेले त्याला सहसा आठवत नाही.

आपल्या कॅनडात डॉ. वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३४ साली मॉन्ट्रियलला मेंदूविकारांची संस्था उघडली. शस्त्रक्रियेत रोग्याला जागे ठेवून ते मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करीत आणि काय वाटते ते विचारीत. जळक्या टोस्टचा वास येणाऱ्या बाईची टीव्हीवरची छोटी फिल्म त्यांच्याच कामावर आहे.

आजही निदान विचारपूस करूनच सुरू होते. वॉर्डात मी नातेवाइकांना आधी विचारीत असे, “तुम्ही स्वतः काय पाहिलंत?” ई.ई.जी. आणि एम.आर.आय. करतात, साखर, सोडियम व हृदयही तपासतात, कारण चक्कर किंवा पक्षाघाताचा झटकाही असाच दिसू शकतो. एक ई.ई.जी. चांगला आला म्हणून आजार नाही असे ठरत नाही; तो पुन्हा, कधी झोपेतही काढतात.

म्हणून घरच्यांनी वेळ, मिनिटे, डोळे, तोंड, हात आणि बोलणे यांची नोंद वहीत करावी. जमल्यास मोबाइलवर चित्रण करावे. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. धरून न ठेवता शेगडी, जिना यांपासून हळूच दूर न्यावे. झटका पाच मिनिटांहून लांबला तर ९११ ला फोन करावा. डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवू नये.

पुष्कळांचे झटके गोळ्यांनी आटोक्यात येतात. यात लपवण्यासारखे काही नाही. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.