पिकअपची बॅटरी वारंवार का उतरते?

बेळगाव-खानापूर पट्ट्यातील भाजी गोव्याच्या बाजारात सकाळी पोहोचवायची, तर गाडी रात्रीच निघावी लागते. कोबी, ढबू मिरची भरून झाली, ताडपत्री बांधली आणि चावी फिरवल्यावर नुसते ‘टक् टक्’ ऐकू आले, तर तो माल भाव पडल्यावरच पोहोचणार. मग दुसऱ्या दिवशी घाईघाईने नवी बॅटरी आणली जाते. पाच-सात हजार रुपये जातात आणि महिन्याभरात पुन्हा तोच प्रकार! बॅटरी बदलण्यापूर्वी वीज जाते कोठे ते शोधावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

जुन्या जीपची चावी काढली की सगळे बंद होत असे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चा नियम लागू झाला. त्यानंतरच्या गाड्यांत इंजिनाचा कारभार पूर्णपणे संगणकाच्या हाती आहे. चावी काढली तरी हा संगणक काही वेळ जागा असतो व नंतर निजतो. निजल्यावरही घड्याळ, रिमोट कुलूप यांसाठी थोडी वीज लागतेच. बॅटरी कमी झाल्याचे कळताच काही गाड्या आपण होऊन रेडिओ बंद करतात. सिग्नलला इंजिन बंद होऊन पुन्हा चालू होण्याची सोय असेल, तर तीही थांबते. याला बिघाड समजू नये. सेल्फ मारण्यापुरती वीज राखून ठेवण्याची ती गाडीची धडपड आहे. आपल्याला मिळालेली ती पहिली सूचनाच होय.

पहिली तपासणी घरच्या घरी होते. साधा मल्टिमीटर घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले, तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता इंजिन चालू करून हेडलाइट लावावेत. १३.५ ते १४.७ दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे आपण ज्याला डायनॅमो म्हणतो तो, काम करतो आहे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून डायनॅमो तपासण्याची जुनी पद्धत मात्र कायमची सोडावी. त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि संगणक जळू शकतो.

दोन्ही आकडे ठीक असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर टर्मिनल पाहावीत. त्यांवर पांढरट-हिरवट पूड साचली असेल तर आधी निगेटिव्ह व मग पॉझिटिव्ह वायर काढावी, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, कोरडे करून घट्ट बसवावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. जोडताना निगेटिव्ह शेवटी. कित्येकांची ‘खराब’ बॅटरी एवढ्यानेच सुधारते.

पण आमच्या मते खरा चोर बहुधा नंतर बसवलेल्या वस्तूंत सापडतो : मोठा हॉर्न, हौद्यातील दिवे, अ‍ॅम्प्लिफायर, जीपीएस, मोबाइल चार्जर. घाईत बसवणारा कारागीर ज्या वायरीत वीज सापडेल तिलाच जोड देतो आणि चावी काढली तरी ती वस्तू चालूच राहते. हिशेब करून पाहा. उभ्या गाडीने ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज खाल्ली तर चालते, दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी व्हायला पंचवीस दिवस लागतील. तेच ४०० मिलिअँपिअर गळत असतील, तर दिवसाला ९.६ जातात आणि तिसऱ्या दिवशी बॅटरी निम्म्यावर येते. त्यात नवी बॅटरी घातली तरी तीही तिसऱ्या दिवशी निम्म्यावरच!

ही गळती जाणकार इलेक्ट्रिशियनकडून आपल्यासमोर मोजून घ्यावी. निगेटिव्ह वायर व बॅटरी यांच्यामध्ये अँपिअर मीटर जोडून, दारे बंद ठेवून, अर्धा तास थांबायला सांगावे. संगणक निजण्यापूर्वीचा आकडा फसवा असतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये. आकडा मोठा आला तर एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजला आकडा एकदम पडतो, त्याच वाटेवर चोर असतो.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवू नये. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची ताकद कायमची घटते. चार्जर तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने लावावा; ६० ची असेल तर ६ अँपिअर, दहा-बारा तास. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जागा हवेशीर हवी. विडी-काडी जवळ नको.

बॅटरी बदलावीच लागली, तर सिग्नलला इंजिन बंद होणाऱ्या गाडीत त्याच प्रकारची, ईएफबी किंवा एजीएम, बॅटरी घालावी. साधी स्वस्त पडते, पण लवकर बसते. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद संगणकात करावी लागते. ते दुकानातच विचारावे.

वाटेत अडलात तर ट्रॅक्टरची किंवा दुसऱ्या पिकअपची १२ व्होल्टची बॅटरी चालेल. उसाच्या मोठ्या ट्रकवर २४ व्होल्ट असतात. तेथून वायर कधीही जोडू नये. शेवटचा काळा चिमटा आपल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर लावावा. बॅटरी पार उतरली असेल तर धक्का मारून उपयोग नाही, कारण विजेशिवाय संगणक डिझेलच सोडत नाही.

आणखी एक. हौद्याला किंवा कॅरियरला वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगावी. वेल्डर म्हणेल, काही होत नाही. तरी काढायलाच लावावी.