शरदाच्या आकाशातले अत्रिऋषी

बँकेत आयुष्यभर पासबुक आणि खातं जुळवून पाहायची सवय लागली. पंचांगही तसंच आकाशाशी ताडून पाहावं, असं मला वाटतं. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास, त्यावरून महिन्याचं नाव. कोजागरीला अश्विनी, त्रिपुरीला कृत्तिका आणि आपल्या दत्तजयंतीला मृगशीर्ष. मात्र चांदण्यात कृत्तिकांचा पुंजका फिका पडतो. तो दिवाळीच्या अंधाऱ्या रात्री पूर्वेला पाहावा. त्याच्या खाली तांबूस रोहिणी, आणि अकरानंतर मृगातले ओळीने तीन तारे.

कार्तिकात काकड आरतीला निघालात, की पाचच्या सुमारास ईशान्येकडे बघा. सप्तर्षी वर येत असतात. चौकोनाला जिथे शेपूट जुळते तिथला तारा म्हणजे अत्रिऋषी, दत्तमहाराजांचे वडील. सातांत सर्वांत मंद तेच. शेपटीतल्या मधल्या वसिष्ठांना चिकटून बारीकशी अरुंधती.

मोतीबिंदूमुळे तीन वर्षं मला अत्रिऋषी दिसत नव्हते, मोजणी सहावरच थांबायची. शस्त्रक्रियेनंतर गेल्या कार्तिकात सात भरले. ज्यांची नजर शाबूत आहे त्यांनी यंदाच दर्शन घ्यावं, नातवंडांनाही घडवावं.