खारे पाणी आणि मूत्रपिंड

आमच्या सोनाळ्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. दक्षिणेला गेले की पूर्णा नदीचे खोरे लागते. तेथे काळी जमीन आहे. कपाशी, तूर चांगली येते. पण विहीर खणली तर पाणी खारे लागते. म्हणून त्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे.

आमच्या संग्रामपूर तालुक्यात आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात मूत्रपिंडाच्या आजाराने माणसे दगावतात. वर्तमानपत्रांत हे पुष्कळ वर्षे छापून येत आहे. मूत्रपिंड म्हणजे किडनी. कोणी गुर्दाही म्हणतात.

आमचा एक जुना विद्यार्थी एकदा पारावर भेटला. वय चाळीसच्या आत. म्हणाला, "गुरुजी, पायाले सूज येते. पण दुखत तं काई नाई. मंग दवाखान्यात कायले जाऊ?" आम्ही म्हणालो, "जाऊन ये बाबा." पण जोर देऊन म्हणालो नाही. चार महिन्यांनी तो गेला. तोवर दोन्ही मूत्रपिंडे बहुतेक निकामी झाली होती. त्याचे दुखत नव्हते, हे खरेच होते. हा आजार बहुधा दुखतच नाही.

असे का होते? त्यासाठी मूत्रपिंडाचे काम कसे चालते ते पाहू.

आपल्या कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येक मुठीएवढे असते. आकार वालाच्या दाण्यासारखा. एकेका मूत्रपिंडात सुमारे 10 लाख बारीक गाळण्या असतात. मूत्रपिंड ही चाळणी आहे असे आम्ही शाळेत शिकवत होतो. ते अर्धेच खरे. दिवाळीला घर झाडताना आपण काय करतो? सगळे सामान अंगणात काढतो. मग कामाचे तेवढे परत आत नेतो. केर बाहेरच राहतो. मूत्रपिंडही तसेच करते. दिवसाला रक्तातले सुमारे 180 लिटर पाणी ते गाळून बाहेर काढते. म्हणजे 15 लिटरचे 12 डबे! त्यातले बहुतेक सगळे, कामाच्या मिठासाखरेसह, परत रक्तात घेते. लघवी होते ती दीड-दोन लिटर.

हे परत घेण्याचे काम गाळणीच्या नळीतल्या पेशी करतात. पेशी म्हणजे शरीराची वीट. डोळ्यांना दिसत नाही एवढी लहान. पण ही वीट जिवंत असते आणि राबते. पेशी मेल्या आणि गाळणी बुजली, तर नवी गाळणी उगवत नाही. उरलेल्या गाळण्या तिचे ओझे वाहतात. त्यामुळे निम्म्याहून जास्त काम बंद पडेपर्यंत माणसाला कळतसुद्धा नाही.

मग पेशी मरतात कशाने? मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब ही दोन कारणे पक्की ठाऊक आहेत. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून घेऊन महिनोन् महिने खाणे हेही घातक. आमचा विद्यार्थी कंबर दुखते म्हणून अशा गोळ्या वर्षानुवर्षे खात होता.

पण यांतले काहीच नसलेल्या माणसांनाही हा आजार होतो. श्रीलंकेत भातशेती करणाऱ्यांना झाला. आंध्रात श्रीकाकुलमजवळ उद्दानम भागात झाला. मध्य अमेरिकेत ऊसतोडणी मजुरांना झाला. सगळीकडे उन्हात राबणारी माणसे. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ कारण शोधत आहेत. कोणी उन्हाचा ताप आणि पाणी कमी पिणे म्हणतात, कोणी फवारणीची औषधे, कोणी पाण्यातले क्षार आणि धातू. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 2010 साली महाराष्ट्रातल्या एका लहान खेड्याविषयी लिहिले. तेथे मूत्रपिंडाचे रोगी होते आणि पिण्याच्या पाण्यात जड धातू सापडले होते. निकाराग्वा देशात ऊसतोडणी मजुरांना सावली, विश्रांती आणि पाणी वाढवून दिले. तेव्हा मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. आम्हांला ही बातमी सर्वांत मोलाची वाटते, कारण सावली आणि पाणी शेताच्या बांधावरही देता येते.

आमच्याकडे सारा दोष खाऱ्या पाण्याला देतात. तो एकट्याचा आहे असे अजून सिद्ध झालेले नाही. पण म्हणून ते पाणी प्यावे असेही नाही. सरकारी प्रमाण असे, की पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत. दुसरे पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावे. पाणी उकळले की खारेपणा जातो असे कित्येकांना वाटते. जात नाही. जंतू मरतात, पण पाणी आटते आणि क्षार उलट दाटतात. वान नदीच्या धरणाचे गोडे पाणी गावोगाव नळाने देण्याची योजना झाली ती याचसाठी. नळाला पाणी आले नाही की बायामाणसे पुन्हा हातपंपावर जातात.

मूत्रपिंडे थांबली तर यंत्राने रक्त धुतात. त्याला डायलिसिस म्हणतात. हॉलंडच्या कोल्फ नावाच्या डॉक्टरने 1943 साली, लढाई चालू असताना, असे यंत्र केले. मांसाचे सारण भरायची पातळ नळी त्याने लाकडी पिंपावर गुंडाळली होती! सुरुवातीचे बहुतेक रोगी वाचले नाहीत. 1945 साली 67 वर्षांची एक बाई वाचली.

आमचा विद्यार्थी आता आठवड्यातून दोनदा अकोल्याला जातो. योजनेतून उपचाराला पैसे पडत नाहीत. पण दोन दिवसांची मजुरी बुडते, त्याची आणि सोबत जाणाऱ्या बायकोचीही.

या वेळी आम्ही त्याच्या धाकट्या भावाला स्वतः घेऊन गेलो. रक्तदाब मोजला, लघवी तपासली, रक्तातले क्रिएटिनिन पाहिले. क्रिएटिनिन हा स्नायूंचा केर आहे. मूत्रपिंड थकले की तो रक्तात साठतो. भावाचा आकडा ठीक निघाला. रक्तदाब मात्र वाढलेला होता. गोळी सुरू केली आहे. दर तीन महिन्यांनी तो तपासणीचा कागद आणतो. पूर्वी आमच्याकडून वाचून घेत असे. परवा त्याने आकडा स्वतः वाचला आणि मागच्या कागदाशी ताडून पाहिला.