गुळवेलीची बातमी कशी लिहावी?

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज वार्ताहर म्हणून काम करीत आहेत, काही त्या वाटेवर आहेत. श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावी वार्ताहराला ऊस, पाटपाणी आणि राजकारण यांबरोबरच औषधोपचारांवरही लिहावे लागते. काढा, जडीबुटी, होमिओपॅथी, निसर्गोपचार यांची बातमी वाचून एखादा मधुमेही आपल्या गोळ्या बंद करतो, एखादा क्षयरुग्ण सहा महिन्यांचा उपचार दुसऱ्याच महिन्यात सोडून देतो. म्हणून या विषयाचा एक पाठ येथे देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उदाहरण घेऊ गुळवेलीचे. करोनाकाळात घरोघरी काढे उकळले गेले आणि बांधावरच्या कडुनिंबावर चढलेल्या या वेलीला मोठा मान मिळाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या अवधीत मुंबईतील डॉक्टरांना यकृतास इजा झालेले ६ रुग्ण आढळले. त्या सर्वांनी गुळवेल घेतली होती. हे निरीक्षण २०२१ मध्ये यकृतरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, सेवन केलेली वनस्पती गुळवेलच होती याची तपासणी झालेली नाही. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ शकते. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत हाती आलेल्या नमुन्यांचे रासायनिक पृथक्करणही होते. मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे पुन्हा सांगितले.

आता मथळा काय द्यावा? ‘गुळवेल विषारी’ हा मथळा चुकीचा, आणि ‘गुळवेल निर्दोष’ हाही तितकाच चुकीचा. ६ किंवा ४३ रुग्णांवरून धोक्याची शंका बळावते. परंतु गुळवेल घेणाऱ्या एकूण किती जणांना हा त्रास होतो, ते त्यावरून कळत नाही. ‘आढळले’, ‘संबंध दिसला’ आणि ‘कारण ठरले’ या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. घाईत लिहिणारा पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतो. रुग्णाने वेल स्वतः तोडली की चूर्ण विकत घेतले, किती दिवस घेतले, सोबत दुसरी औषधे होती काय, आधीचा एखादा आजार होता काय, हे विचारल्याशिवाय बातमी पुरी होत नाही.

हाच काटा उलट बाजूसही लावावा. ‘आमच्या काढ्याने शंभर जण बरे झाले’ असे कोणी सांगितले, तर काढा न घेता किती बरे झाले असते, हे विचारावे. सर्दी-पडसे आपोआपही जाते. नामांकित रुग्णालयाच्या प्रसिद्धिपत्रकालाही तोच प्रश्न विचारावा. कोटाला पाहून प्रश्न बदलू नये.

विनयपिटकातील जीवकाची कथा आपल्या वाचकांना परिचित आहे. औषधी नसलेली वनस्पती शोधून आण, असे आचार्यांनी सांगितले तेव्हा तो रिकाम्या हाती परतला. ‘प्रत्येक झाडपाला औषधच’ असे म्हणणारे ही कथा आनंदाने सांगतात. मात्र त्या परीक्षेपूर्वी जीवकाने सात वर्षे अध्ययन केले होते, ते बहुधा सांगायचे राहून जाते.

जाहिरातींचा मुद्दा अवघड आहे. तालुक्याच्या ठिकाणी बातमी आणणाऱ्यालाच पुष्कळदा जाहिरातही आणावी लागते आणि दिवाळी अंकाच्या दिवसांत ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे पान हमखास पुढे येते. १९५४ चा औषधे व जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मधुमेह, कर्करोग यांसारख्या अनेक रोगांवरील अशा जाहिरातींना मनाई करतो, आणि ही मनाई औषध विकणाऱ्यापुरतीच नाही. जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही तिच्या कक्षेत येतो. संपादक मानधनाचे कारण सांगतील, तेव्हा या कायद्याची प्रत त्यांच्यापुढे ठेवावी.